दुसरं दार

"झाडू पहिला आला!" समाजमंदिरात कोणीतरी ओरडलं आणि सगळे खो-खो हसायला लागले.

झाडू मागं भिंतीला टेकून बसला होता. सकाळीच थोडी घेतलेली होती. आपलं नाव ऐकून तो उठला, हात जोडून चारी बाजूंना नमस्कार केला आणि पुन्हा जाग्यावर बसला.

"झाडूभाऊ, आता पार्टी पायजे!"

"देतो न बापा. मच्छी तुमची, बाटली तुमची, पार्टी माही."

हर्षदा मॅडम हसल्या नाहीत. जिल्ह्याहून त्या आम्हाला मतदानाची नवी रीत शिकवायला आल्या होत्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या. टेबलावर सरावाच्या चिठ्ठ्या होत्या आणि त्या पुन्हा पुन्हा मोजत होत्या. सराव साधा होता. तलावात महाजाळ टाकायचं आहे, सोबत गावातले हे तिघं आहेत, तर तिघांना क्रमानं आकडे द्या. एक, दोन, तीन. बस.

"असं कसं झालं?" त्यांनी विचारलं. "जवळजवळ सगळ्यांनी यांना एक दिलाय."

शेजारी बसलेल्या गिरजानं मला कोपरानं ढोसलं. "सांग न वो फुला. तुले येते सांगता."

मी उभी राहिले. "मॅडम, रागावू नोका. महाजाळ टाकताना आम्ही रांगेनं पाण्यात उतरतो. पहिला जो उतरते, त्याले नुसतं टोक धरून चालाचं असते. तो कोनीबी चालते. मच्छी निसटते ते शेपटीले. म्हनून भरवशाचा मानूस शेवटी असते. लोकायनं तसाच क्रम लावला."

मॅडमनी चिठ्ठ्या उलट्या क्रमानं लावून पाहिल्या. मग त्या हसल्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता. "मावशी, निवडणुकीला आठ दिवस आहेत. असंच झालं तर नको तो माणूस निवडून येईल."

आमची ढिवरांची मच्छीमार संस्था. एक तलाव आणि साठ-पासष्ट सभासद. त्यात वीस-बावीस बायका, बहुतेक माझ्यासारख्या, नवऱ्याच्या माघारी त्याच्या जागी आलेल्या. त्या वर्षी शासनाची एक योजना आली होती. जी संस्था आपली निवडणूक पसंतीक्रमानं घेईल, तिला शिकवायला माणूस मिळणार, मतपत्रिका छापून मिळणार, आणि सगळं नीट पार पडलं तर संस्थेच्या कामाला निधी. आम्हाला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मासळीसाठी शेड हवी होती, बर्फाची पेटी हवी होती. म्हणून ठराव एकमतानं झाला. रीत काय आहे, हे तेव्हा कोणी विचारलंच नव्हतं.

"मॅडम," मी म्हणाले, "जाळ्याचं सोडा. आपन दाराचं सांगू."

"दाराचं?"

मी लोकांकडं वळले. "तलावाची पाळ फुटाले आली. तू धावत सुटला. पयल्यांदा कोनाच्या दारात जाशीन? त्याच्यापुढं एक. तो घरी नसला, त मंग कोनाच्या दारात? त्याच्यापुढं दोन. तोबी नसला, त तीन."

मग झाडूच म्हणाला, "आन पयला घरी असला त?"

"त दुसऱ्याच्या दारात कोन जाते? तुहा दोन कोनी पायतबी नाई."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्या मला सोबत घेऊन घरोघर जायला लागल्या. त्या योजना सांगायच्या आणि मी दारं.

मला अक्षरं आणि आकडे येऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. शाळेच्या ओसरीत बायकांचा वर्ग चालायचा, तिथं गिरजानं मला ओढून नेलं होतं. मी अठ्ठेचाळीसची होते. "मासे मोजतं, मंग आकडे काऊन नाई येनार?" असं म्हणून तिनं स्वतःची पाटी माझ्या मांडीवर ठेवली होती. माझा दोन पहिल्यापासून जरा विचित्रच यायचा. खालची शेपटी लांब जायची, दोरी सोडल्यासारखी. गुरुजींनी दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. आता त्या आठ दिवसांत ज्याला आकडे येत नव्हते त्याचा हात धरून मी एक, दोन, तीन गिरवून घेतलं. कोणाच्या पाटीवर, कोणाच्या अंगणातल्या मातीवर.

अध्यक्षपदाला तिघं उभे होते.

बिसन वलथरे, निशाणी होडी. ते माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. पंधरा वर्षं तेच अध्यक्ष होते. प्रल्हाद चाचेरे, निशाणी सायकल. त्याचं म्हणणं होतं की तलाव बाहेरच्या ठेकेदाराला द्यावा, आपण घरी बसून वाटा घ्यावा. तरुण पोरांना ते पटत होतं. आणि तिसरी गिरजा नान्हे, निशाणी टोपली.

गिरजाची मागणी एकच होती. तलाव ठेक्यानं गेला तर ठेकेदार राखणदार बसवणार, मग काठावरचे शिंगाडे आणि झिंगे, म्हणजे छोटी कोळंबी, बायकांना मिळायचे नाहीत. माझी तिन्ही पोरं त्या काठावर वाढली. नवरा गेल्यावर सकाळी गुडघाभर पाण्यात उतरून जे हाताला लागेल ते टोपलीत घालायचं आणि बाजारात बसायचं, दुसरं काही नव्हतं. गिरजाचंही तेच. काठ गेला तर आम्हा वीस बायकांच्या चुली बंद पडल्या असत्या.

ठेकेदार भासऱ्यांनाही नको होता. पण बाईमाणूस अध्यक्ष होणं त्यांना त्याहून नको होतं. जुन्या रीतीनं मतदान झालं असतं तर त्यांची आणि गिरजाची मतं फुटून प्रल्हाद सहज आला असता. या रीतीत तसं व्हायचं कारण नव्हतं. मॅडम हे बोलून दाखवत नव्हत्या, त्यांनी कोणाची बाजू घेणं नियमात बसत नव्हतं. पण गिरजा समजली होती.

"फुला, तुह्या भासऱ्याच्या लोकायले मी एक मागतच नाई," ती म्हणायची. "मले त्याईचा दोन पायजे फक्त. बिसनभाऊ घरी नसन, त माह्या दारात या. बस, एवढंच."

निवडणुकीच्या आदल्या दिवशी दुपारी मी अंगणात शिंगाडे उकडत होते. भासरे कुंपणाजवळ येऊन उभे राहिले. ते कधी आत येत नसत. मी पदर पुढं ओढला आणि चुलीपासून बाजूला झाले.

"धनराजची माय."

आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी तोंड वर करून बोलत नाही. 'हाव' किंवा 'नाई', एवढंच. आणि मी 'नाई' कधी म्हटलेलं नव्हतं.

"तू लोकायले चांगलं शिकवून रायली म्हनते."

मी खाली मान घालून ऐकत राहिले.

"उद्या होडीले एक टाकजो."

"हाव."

"बाकीचे दोन चौकोन कोरे ठेवजो."

चुलीत काटकी तडतडली. मी तिकडं बघत राहिले.

"गिरजीले दोन टाकला, त माह्या मतातलं अर्धं तिच्याकडं गेलं. मले अर्धं मत नाई पायजे."

असं होत नाही. पहिला बाद झाल्याशिवाय दुसऱ्या आकड्याकडं कोणी पाहत नाही, हे मी आठ दिवस गावभर सांगत फिरले होते. आता सांगायचं होतं ते एकाच माणसाला, आणि माझी जीभ उचलेना.

"मोजनीले मी समोरच बसून राहीन," ते म्हणाले. "तुहा दोन मी ओळखतो. लांब शेपटीचा. संस्थेच्या वहीत तारखेत पायला मी."

जाताना ते म्हणाले, "धनराजचा बाप गेला तवापासून मी तुले कधी काई मांगतलं नाई."

ते खरं होतं. नवरा तलावात बुडून गेला त्यानंतर सात वर्षं महाजाळातला भासऱ्यांचा वाटा आधी माझ्या दारात यायचा आणि उरलेला त्यांच्या घरी. जाऊबाईंनी कधी कुरकुर केली नाही. पोरींची लग्नं त्यांनीच लावून दिली.

"हाव," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिराच्या कोपऱ्यात दोन बांबूंवर जुनं जाळं टांगलं होतं आणि त्यावर चादर. त्यामागं स्टूल, स्टुलावर पेन्सिल. मी आत गेले. मतपत्रिकेवर तीन निशाण्या होत्या आणि प्रत्येकीपुढं एक चौकोन. होडीपुढं मी एक लिहिला. मग पेन्सिल टोपलीच्या चौकोनावर नेली.

बाहेर झाडू कोणाला तरी सांगत होता, "पयलं दार, दुसरं दार, तिसरं दार. आन चौथं दार दारूचं." लोक हसत होते.

पेन्सिलीचं टोक कागदाला टेकलं. ते मी किती वेळ तसंच धरून ठेवलं, सांगता येणार नाही. मग उचललं. कागदावर बारीक ठिपका राहिला. मी घडी घातली आणि पेटीत टाकून आले.

दाराशी गिरजा उभी होती. तिनं मला काही विचारलं नाही. नुसता माझा हात दाबला.

मोजणी लगेच दुपारी झाली. मॅडमनी मला टेबलाशी बसवलं, कागद उलगडून सरळ करायला. समोर बाकावर तिन्ही उमेदवार. भासरे मधोमध, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून.

त्रेसष्ट कागद निघाले. पहिल्या आकड्याप्रमाणे तीन ढीग झाले. प्रल्हाद पंचवीस. गिरजा वीस. बिसन वलथरे अठरा.

पंधरा वर्षं अध्यक्ष राहिलेला माणूस सर्वांत खाली होता. भासऱ्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, एवढंच.

"निम्म्याहून जास्त कोणाला नाहीत," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे किमान बत्तीस हवीत. तेव्हा ज्यांना सर्वांत कमी आहेत त्यांच्या कागदांवरचा दुसरा आकडा आता पाहायचा."

"म्हंजे बिसनभाऊ घरी नाई," मागून कोणीतरी हळूच म्हणालं. या वेळी कोणी हसलं नाही.

मॅडम एकेक कागद वर धरून सगळ्यांना दाखवायच्या आणि माझ्याकडं द्यायच्या. मी तो त्या त्या ढिगावर ठेवायचे.

पहिला कागद. टोपलीपुढं दोन. लांब शेपटीचा.

हा तर माझा आकडा. मी तर लिहिला नव्हता.

दुसरा कागद. सायकलपुढं दोन. लांब शेपटीचा.

तिसरा, चौथा. टोपली, टोपली. सगळ्यांचा दोन तसाच. दोरी सोडल्यासारखा. आठ दिवस मी ज्यांचे हात धरून गिरवून घेतलं होतं, त्यांनी माझी चूकसुद्धा जशीच्या तशी उचलली होती. ज्यांना आधीपासून लिहिता येत होतं तेही, नवीन रीत आहे म्हणून, मी दाखवला तसाच काढत होते.

मी मान वर केली. भासरे माझ्याकडंच पाहत होते. मग त्यांनी नजर खाली घेतली. त्या ढिगात माझा दोन त्यांना काय, मलाही ओळखता आला नसता.

सतरा कागद झाले. टोपलीला अकरा, सायकलला सहा. मॅडमनी पाटीवर बेरीज मांडली. गिरजा एकतीस. प्रल्हाद एकतीस.

शेवटचा कागद त्यांच्या हातात होता. त्यांनी तो वर धरला, मग जवळ आणला, खिडकीकडं करून पाहिला.

"इथं टोपलीच्या चौकोनात ठिपका आहे," त्या म्हणाल्या.

"ठिपका म्हंजे आकडा नोहे," प्रल्हाद उठून म्हणाला. "नियम सांगा मॅडम."

"बसा. नियमच सांगते आहे." त्यांनी पुस्तिका काढली, पानं उलटली. मग त्या माझ्याकडं वळल्या. "मावशी, तुम्ही शिकवलं आहे यांना. कोणी दोन काढायला सुरुवात करताना असा ठिपका देतं का?"

सगळं समाजमंदिर माझ्याकडं बघत होतं. गिरजाही. मला एवढंच म्हणायचं होतं की हा कागद माझा आहे आणि मला दोन लिहायचा होता. पण मत टाकून झालं होतं. आणि समोर भासरे होते.

"देत असतीन," मी म्हणाले. "मले नाई सांगता येत."

मॅडमनी तो कागद बाजूला ठेवला. आकडा नाही, म्हणून पुढं मोजता येणार नाही. बरोबरी झाली तर पहिल्या फेरीत ज्याला जास्त, तो निवडून आला, असा नियम होता. प्रल्हादला पंचवीस होती.

बाहेर पोरांनी फटाके लावले. भासरे उठून कोणाशी न बोलता निघून गेले. मी कागद गोळा करत होते. गिरजा टेबलाजवळ आली.

"एकतीस वो फुला," ती म्हणाली. "आपल्या गावात बाईले एकतीस. कधी वाटलं होतं काय?"

मी मान हलवली.

"कोन असन तो एक? बिचाऱ्याले लिवता आलं नसन. आपनच कमी पडलो शिकवाले." तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गेली.

निवडणूक नियमानं झाली, म्हणून निधी आला. पाळीवर शेड उभी राहिली, बर्फाची पेटी आली, आणि दारावर पाटी लागली. पसंतीक्रम मतदान प्रोत्साहन निधीतून, असं त्या पाटीवर लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षी तलाव ठेक्यानं गेला. शेडमध्ये ठेकेदाराची मासळी राहू लागली. काठावर राखणदार आला, त्याच्या हातात शिट्टी. पहिल्या दिवशी त्यानं गिरजाची टोपली पाण्यात उलटी केली. ती त्याच्याशी भांडली, संस्थेत गेली, तालुक्याला अर्ज केले. अर्ज मीच लिहून द्यायचे. काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी ती लेकीकडं नागपूरला गेली आणि लोकांच्या घरची भांडी घासू लागली. तिचं घर बंद पडलं.

निवडणुकीला पाच वर्षं झाली तेव्हा भासऱ्यांनी अंथरूण धरलं. मी रोज दुपारी पेज घेऊन जायचे. एके दिवशी जाऊबाई विहिरीवर गेल्या होत्या. मी वाटी ठेवून परत फिरले.

"धनराजची माय."

मी दारात थांबले.

"तो ठिपका तुहा होता न?"

"हाव."

ते वर छताकडं बघत होते. "मी टोपलीले दोन टाकला होता," ते म्हणाले.

मला ते माहीत होतं. अठरा कागदांत एकच कोरा होता आणि तो माझा होता. म्हणजे त्यांच्याही कागदावर दोन होताच. सायकलला ते मेले तरी देणार नव्हते. पाच वर्षं मला ते माहीत होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा मी पदर मागं सारला आणि त्यांच्याकडं पाहून बोलले. "मंग मले दोन टाकाले काऊन नाई म्हनलं?"

त्यांना श्वास लागत होता.

"पडदा टाकून आत गेलो, त समजलं मी निवडून येत नाई," ते म्हणाले. "तलाव तरी रायला पायजे म्हनून टाकला. पन मले वाटे, निदान एक कागद तरी पुरा माहा असावा."

मी वाटी उचलून त्यांच्या हाताशी ठेवली.

"होता," मी म्हणाले. "पुरा तुमचाच होता."

तिथून मी घरी गेले नाही. पाळीवरून, शेडच्या पाटीखालून, खालच्या आळीत गेले. गिरजाच्या अंगणात गवत वाढलं होतं. खरं सांगायला तिच्या दारात यायला मला पाच वर्षं लागली होती. दाराला कुलूप होतं. ते असणार, हे मला माहीत होतं. तरी मी एकदा कडी वाजवली.